शेव नसलेली शेवभाजी

"अरे सम्यक, शेवभाजीत शेव कुठंय?" मॅनेजर विश्वजीत ताट घेऊन थेट किचनमध्ये आला. "नुसता लाल रस्सा पाठवला! आता एक जरी प्लेट परत आली, तर घरीच जायचं."

जालना रोडवरचं हॉटेल, रविवारची दुपार. बाहेर लोक टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभे होते. सम्यकनं शेव टाकली. समोर भाकऱ्या थापणारी रूपाली हसलीसुद्धा नाही. एरवी तिनं आठवडाभर चिडवलं असतं.

हेड कुक काकासाहेबांना कारण माहीत होतं. संध्याकाळी रूपाली घरी, कन्नडला निघणार होती. उद्या करमाडचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. वर्षभर दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, पण सम्यकच्या तोंडून शब्द काही फुटत नव्हता.

"बोललास का रं?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

"एवढ्या गर्दीत कसं बोलू, काका?"

"मंग काय तिच्या हळदीत बोलतूस?"

त्यांनी गॅस बारीक केला. "रूपाली, ऊठ. सम्यकसंग जा अन् मागच्या कोठीतून कांदे घेऊन या."

"काका, एवढ्या ऑर्डरी पडल्यात!"

"मी बघतो. जा म्हनलं ना."

काकासाहेब स्वतः परातीपुढं बसले. पहिली भाकरी एकीकडं जाड, एकीकडं फाटलेली.

"काका, नान दूँ क्या? इज्जत बच जाती," तंदूरवरून मोहियोद्दीन म्हणाला.

विश्वजीत धावत आला. "काका, ही भाकरी हाय का महाराष्ट्राचा नकाशा?"

"गिऱ्हाइकाला म्हनावं, मराठवाडा खा, बाकीचा राहू दे."

दोघं परत आले ते मोकळ्या हातांनी.

"कांदे कुठंयत?" विश्वजीत ओरडला.

"राहिले," सम्यक म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते.

रूपाली काकासाहेबांजवळ वाकली. "आईला फोन केला, काका. पाहुण्यांना नका बोलवू म्हनलं."

"मंग?"

"लई चिडली. म्हनली, त्याला घेऊन ये आधी, बघू दे कोण हाय तो."

"मंग जेवून जा म्हनावं त्याला. तिथं घास उतरायचा नाय."

रूपाली खुदकन हसली. मग तिचं लक्ष तव्याकडं गेलं. "काका, तुम्हाला भाकरी येते? कोणी शिकवली?"

"आमच्या मंडळीनं, मनकर्णेनं. शेवटी शेवटी ती अंथरुणावरून सांगायची, मी थापायचो."

"जमायची?"

"गोल कधी झाली नाय. पण खायची ती."

काकासाहेबांनी हाताचं पीठ धुतलं, तिला जागा करून दिली आणि गॅस मोठा केला.