मराठी तीस

एजाज गेल्यानंतर खडकीच्या त्या दोन खोल्यांत सासू-सुना बोलायच्या ते फक्त कामापुरतं. दूध आलं का, खुशनुमाची शाळा कधी सुटते, गॅस संपत आलाय. आपल्या मुलाचं, एजाजचं नाव कमरजहां घेत नसे, कारण मेहनाज रडेल. मेहनाज घेत नसे, कारण अम्मी रडतील. कावीळ झाली आणि आठवड्याभरात तो गेला, तेव्हा त्याची लेक खुशनुमा जेमतेम तीन वर्षांची होती.

मेहनाजने लग्नाआधी आयटीआयमधून भूमापकाचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र तेव्हापासून कपाटात पडून होतं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकांची भरती निघणार असं कानावर आलं, तसं तिने ते बाहेर काढलं. दहावी होती, आयटीआय होतं, इंग्रजी टायपिंगची परीक्षाही ती पास झाली. घोडं अडलं ते मराठीपाशी. मिनिटाला तीस शब्द हवेत, आणि ही उर्दू शाळेत शिकलेली. जोडाक्षर दिसलं की बोटं थबकायची. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली.

"तुम्ही एकेक अक्षर वाचत बसता," टायपिंग क्लासच्या तनुजा मॅडम म्हणाल्या. "घरी कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. शब्द कानात बसला की हात आपोआप पळेल."

घरात मराठी सरसर वाचणारं एकच माणूस होतं. कमरजहां नगरपालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती आणि पेपर अजूनही पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून काढायची. मेहनाजने चाचरत विचारलं. कमरजहांने चष्मा पुसला आणि म्हणाली, "बस. पण मी शिकवणार म्हणजे ओरडणार."

दुपारचा स्वयंपाक आवरला की दोघी बसू लागल्या. एक वाचायची, दुसरी जुन्या लॅपटॉपवर टाइप करायची. मग कमरजहां पडद्यावर चुका शोधायची.

"हे काय लिहिलंस? 'पुण्यात पानीकपात'? पाण्याचा ण कुणी पळवला?"

"ऐकताना सारखंच वाटतं, अम्मी."

"तुला वाटतं. पुण्याला वाटत नाही." मेहनाज हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. कमरजहांचं शिकवणं चालूच होतं. "आणि काल वेगळा, काळ वेगळा. काल म्हणजे गेलेला दिवस. आणि काळ म्हणजे..." कमरजहां तिथेच थांबली. तिने पेपरचं पान उलटलं. "पुढचं वाक्य घे," कमरजहां म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर आला नाही. रद्दी आदल्याच दिवशी दिलेली.

"आज सुट्टी घेऊ," मेहनाज म्हणाली.

"परीक्षा सुट्टी घेणार आहे का? मी मनाने सांगते. लिही." कमरजहांने चष्मा काढून ठेवला. मग पेपर वाचायच्या त्याच संथ आवाजात तिने सुरुवात केली. "मुलगी बघायला निघताना एजाजने निळा शर्ट इस्त्रीला घेतला. पूर्णविराम."

मेहनाजची बोटं क्षणभर अधांतरी राहिली. मग चालू लागली.

घरात दखनी उर्दूच बोलली जायची. दखनीत हे वाक्य कमरजहांच्या तोंडून फुटलंच नसतं, अर्ध्यावरच रडू आलं असतं. मराठीत मात्र ते कुठल्यातरी बातमीसारखं निघत होतं आणि तिला पुढे बोलता येत होतं.

"इस्त्री त्याच्या मनासारखी होईना. तिसऱ्यांदा फिरवताना त्याने शर्ट जाळला. मग वडिलांचा पांढरा शर्ट चढवला. तो त्याला इतका मोठा होता की पंजे दिसेनात, म्हणून बाह्या दुमडल्या. रिक्षात बसल्यावर तो मला म्हणाला, स्वल्पविराम, अम्मी, ती नाही म्हणाली तर शर्टामुळे म्हणेल."

खटखट थांबली. मेहनाजने तोंडावर हात धरला होता.

"म्हणून बाह्या दुमडल्या होत्या?" ती म्हणाली. "मला वाटलं, स्टाईल मारतोय. मी बहिणीला म्हटलंसुद्धा, मुलगा जरा शायनिंग मारणारा दिसतो."

आधी कमरजहां हसली. मग दोघीही हसता हसता रडायला लागल्या. कमरजहांने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि किती वेळ तरी केसांतून हात फिरवत राहिली. त्या दुपारी मेहनाजने आपल्याकडचे एजाजचे किस्से सांगितले, सासूला ठाऊक नसलेले. नंतर कमरजहांने पडदा बघितला. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. त्या तिने तशाच राहू दिल्या.

मराठी तीस मेहनाज दुसऱ्या खेपेला पास झाली. भरतीची परीक्षा झाली, यादीत नाव आलं आणि नेमणूक मिळाली भोरला. पेढे वाटून झाल्यावर कमरजहांने सुनेच्या आणि नातीच्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

"शनिवार-रविवारी येत जा," ती घड्यांकडे बघतच म्हणाली. "पोरीला गार पाणी देऊ नकोस. तिचा घसा लगेच धरतो."

"तुमचे कपडे कुठेत?" मेहनाजने विचारलं.

"माझे कशाला?"

"मी दिवसभर शेतं मोजत फिरणार. घरात मला ओरडणारं कुणी नको?"

"अगं, तुझं वय आहे. उद्या दुसरं काही मनात आलं, लग्नाचं वगैरे, तर मी मध्ये नको."

"आलं तर मुलगा तुम्हीच बघा. शर्टासकट," मेहनाज म्हणाली आणि तिने सासूची पिशवी फळीवरून खाली काढली.

सोमवारी सकाळी स्वारगेटहून एसटी निघाली. आता सहा वर्षांची झालेली खुशनुमा आजीच्या मांडीवर बसायचं नाही म्हणून हटून बसली. तिला स्वतंत्र खिडकी हवी होती. कंडक्टर आला तशी कमरजहांने पदराच्या टोकाची गाठ सोडली.

"भोर. दोन पूर्ण, एक अर्धं."

"आजी, बायकांना अर्धंच असतं आता."

"मग तीन अर्धी द्या," कमरजहां म्हणाली आणि तिने खिडकीतून डोकावणाऱ्या खुशनुमाचा फ्रॉक मागून धरून ठेवला.