टेकू

शिवू सकाळी गेला, आणि ऊन अंगणात उतरलं तरी त्याला अंघोळ घालायला कुणी पुढं आलं नव्हतं. लिंगायतांच्यात मेलेल्याला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, मांडी घालून बसवायचं आणि बसलेलाच पुरायचा. पण हे अंग ताठरायच्या आत उरकावं लागतं. नाहीतर आडवाच न्यावा लागतो, आणि मग बेवारशासारखा गेला म्हणून भावकी जन्मभर बोलते.

भुवनेश्वरीला रडू येत नव्हतं. नवऱ्याचा गुडघा अजून वाकतोय का, एवढंच ती मधूनमधून बघत होती. डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

बाहेर गल्ली भरली होती. त्यात तिचे थोरले दीर, चन्नवीर गुरुजी. एक डिसेंबरच्या एड्स दिनाच्या फेरीत शाळेची पोरं घेऊन हेच पुढं असायचे. 'हात लावल्यानं एड्स होत नाही' ही घोषणा त्यांचीच, आवाजही खणखणीत. धाकट्या भावाच्या घरचा चहा मात्र त्यांनी कधीच सोडला होता. पित्त होतं म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एड्सवरच्या गोळ्या नवराबायको दोघांनाही सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होत्या. तिनं घेतल्या, ती धडधाकट राहिली. शिवू चिंचोळी एमआयडीसीत कामाला. दवाखान्यातल्या गोळ्यांच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर, या धास्तीनं त्यानं जाणंच सोडलं. "दादाचं नाव हाय गं गावात," म्हणायचा. दादाचं नाव राहिलं.

दवाखान्यातल्या पद्मजा मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, जखमा तेवढ्या झाका, अंघोळ घालायला काही भीती नाही. भुवनेश्वरीनं मुद्दाम फोन मोठ्या आवाजात लावला होता. गल्लीनं ऐकलं आणि गल्ली जागची हलली नाही.

ती दारात आली. "भाऊजी, तेवढं खांद्याला धरा की. मला एकटीला बसवता येत न्हाय."

गुरुजींनी आपल्या चपलांकडं पाहिलं. "अय्या येऊ देत. मग बघू."

क्रियाकर्म करणारे अय्या केव्हाचे त्यांच्या शेजारीच उभे होते.

शेवटी सासू उठली. शरणम्मा. घरात सुनेचं ताट वेगळं काढणारी हीच. तेलाची बाटली घेऊन आत आली, म्हणाली, "सरक." आणि लेकाचा गुडघा चोळायला लागली. "ल्हानपणी बी मांडी घालत नव्हता गं. जेवाय बसला की ह्ये पाय लांब."

दोघींनी मिळून त्याला न्हाऊ घातलं, पाय मुडपले, विभूती लावली. पण भिंतीला टेकवला की तो घसरायचा. बांधायला भिंतीत खुंटी नव्हती, आणि खुंटी ठोकायला कुणी आत येणार नव्हतं. मग भुवनेश्वरीच त्याच्या मागं शिरली, भिंतीला पाय लावून, त्याच्या पाठीला पाठ टेकून बसली. सासूनं त्याच्या खांद्यावरून भिंतीपर्यंत शाल पसरली. मागची सून दिसेनाशी झाली, आणि सासू बेलाची पानं आणायला परसात गेली.

शालीखाली अंधार होता. कितीतरी महिन्यांत तिच्या अंगाला कुणाचं अंग लागलं नव्हतं. शिवूसुद्धा भिंतीकडं तोंड करून निजायचा. आता त्याची पाठ गार होती, तरी तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग माणसं उंबऱ्यापर्यंत येऊ लागली. तिथूनच फुलं टाकू लागली.

"कसा बसलाय बघा," गुरुजी म्हणाले. "जित्ता वाटतोय."

"व्हय की," शेजारची बनाबाई म्हणाली. "पर बायकू कुटं हाय त्याची? नवऱ्यापाशी घटकाभर बसाय बी जमंना व्हय तिला?"

गुरुजींनी सगळं दारातून पाहिलं होतं. त्यांनी हातातली फुलं उंबऱ्यावरूनच आत टाकली.

भुवनेश्वरीनं ऐकलं. उठून उभी राहिली असती तर साऱ्या गल्लीला दिसली असती. पण शिवू पडला असता. तिनं पाय भिंतीला आणखी घट्ट रेटले.