शेंड्याचं पान

ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि टेलिफोन कचेरीतून मला नोकरीचं पत्र आलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं. सासूबाई थेट नाही म्हणाल्या नाहीत. बैठकीच्या खोलीतला पाम पिवळा पडत चालला होता, त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला नवं पान फुटू दे, मग खुशाल जा." ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. आईपुढे त्यांची कायमच मिठाची गुळणी.

मी हात धुऊन झाडाच्या मागे लागले. ओल्या फडक्याने पानं पुसली. कुंडी खिडकीशी सरकवली, तीही पडदा अर्धाच उघडून; समोरच्यांना आतलं दिसतं, असं आईंचं म्हणणं. नर्सरीतल्या माळीदादांना गाठलं. ते म्हणाले, माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय थेंबही घालू नका. शेंड्याचं मिटलेलं पान हलकेच ओढून पाहा. हातात आलं, तर झाड संपलं.

मी पाणी बंद केलं. आठवडा गेला, माती ओलीच. कुंडीचं भोक बुजलं असेल म्हणून काडीने मोकळं केलं. आणखी आठवडा, तरी ओलीच. शेवटी एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडले, तर आई तांब्या घेऊन कुंडीशी उभ्या.

"आई, अहो, कुजेल ते."

"कळतं मला. या घरातली झाडं मीच वाढवलीत." तांब्या पूर्ण रिकामा करून त्या खुर्चीत टेकल्या. "तू गेलीस की दिवसभर मी बोलायचं कुणाशी? भिंतींशी?"

मला धड रागावताही येईना. त्या आत गेल्यावर शेंड्याचं पान ओढलं. अलगद हातात आलं. बुडाशी काळं, मऊ, वास मारणारं. मी ते परत जागेवर खोचलं आणि कुणाला काही बोलले नाही. एक तारखेला सकाळी भाजी निवडत बसले.

पाम महिन्याभरात वाळला. कचेरीत माझ्या जागी लागलेली मुलगी पुढे मोठ्या हुद्द्यावर गेली म्हणे. माळीदादा नर्सरी विकून लेकीकडे राहायला गेले. हे निवृत्तीनंतर सहा वर्षांनी वारले. त्या पानाचं त्यांना कधीच कळलं नाही. आई त्या दुपारनंतर अठरा वर्षं जगल्या, रोज दुपारी माझ्याशी भरभरून बोलल्या. मी पुन्हा कुठे अर्ज केला नाही.