पुढं अठरा मण

तानबानं चाक डावीकडं पुरतं फिरवलं, पण जीप डावीकडं वळली नाही.

नाल्याची उतरण होती. दुपारीच एक सर येऊन गेली होती आणि काळ्या मातीवर लोण्यासारखा थर आला होता. पुढची दोन्ही चाकं डावीकडं तोंड करून होती, तरी जीप सरळच घसरत निघाली. तानबानं ब्रेक दाबला. मागचा भाग हलका होऊन एका बाजूला सरकला आणि समोर बाभळीचं खोड आलं.

"माय, धरा!"

शेजारी बसलेल्या देवकाबाईनं उजवा हात पुढं टाकला.

आवाज फार मोठा झाला नाही. इंजीन चालूच राहिलं. तानबानं ते बंद केलं तेव्हा नाल्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. त्यानं शेजारी पाहिलं. देवकाबाई आपल्या मनगटाकडं पाहत होती. मनगट जिथं वाकायला नको तिथं वाकलं होतं.

"तानबा," ती हळूच म्हणाली, "हा माहाच हात हाये का गा?"

अकरा गावांतली लेकरं तिनं त्या हातानं बाहेर काढली होती. पोटातलं आडवं लेकरू वरून चाचपून ती सरळ करायची. तिच्या बोटांना दिसतं, असं बायका म्हणत. ती अल्लीपूरच्या दवाखान्याची दाई होती आणि तानबा त्याच दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर.

देवकाबाईनं पदराचं टोक दातात धरून मनगट गळ्याशी बांधलं आणि खाली उतरली.

"चाल. पोरगी अडली हाये तिकडं."

"माय, तुमचा हात..."

"हात नाई चालत. पाय चालतात ना?"

उरलेला कोसभर ती चिखलातून पायी गेली. तानबा मागून चालत होता. नर्स मीराबाई सकाळपासून त्या घरात होत्या. देवकाबाई बाळंतिणीच्या उशाशी बसली आणि तोंडानं सांगत गेली, "आता खालून दाबा. आता थांबा. आता तिले श्वास घेऊ द्या." दिवस मावळता लेकरू रडलं. तेव्हा कुठं देवकाबाई भिंतीला टेकली आणि तिची शुद्ध हरपली.

*

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर पुंडलिकराव आले. जिनिंग फॅक्टरी त्यांची आणि दवाखानाही त्यांच्याच ट्रस्टचा. देवकाबाई पायरीवर बसली होती. वर्ध्याहून प्लास्टर घालून आणलं होतं. दोन बोटं पुन्हा नीट मिटायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"पाच वर्सं झाली गाडी येऊन," पुंडलिकराव म्हणाले. "खरचटलीबी नाई कधी. अन् एकच दिवस..."

पुढचं देवकाबाईनं पुरं केलं.

"मी पुढं बसली, म्हनून झालं ते."

तानबा खांबाला टेकून उभा होता. बाभळीच्या खोडावर आदळताना बसला नव्हता असा धक्का त्याला आता बसला.

"मी नाई म्हटलं हो," पुंडलिकराव घाईनं म्हणाले. "तुम्हीच म्हनून राह्यल्या. पण आता यापुढं आपलं मागंच बसत जा. जसं होतं तसं."

जसं होतं ते असं होतं. पुढच्या सीटवर मीराबाई. मागं, पत्र्याच्या तळावर, अवजारांची पेटी आणि पाण्याचा पिंप यांच्या मधल्या जागेत देवकाबाई. मागं बस, असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पुढं ये, असंही कोणी म्हटलं नव्हतं. मागच्या साली दसऱ्याला ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, पांढरं लुगडं नेसू लागली, भेटल्यावर जयभीम म्हणू लागली. जीपमधली जागा मात्र तीच राहिली होती.

त्या दिवशी जीप सकाळी हिंगणघाटला गेलेली. म्हणून मीराबाई पेटी आणि पिंप घेऊन बैलगाडीनंच पुढं गेल्या होत्या. दुपारी तानबा देवकाबाईला घ्यायला आला तेव्हा जीप मोकळी होती. ती सवयीनं मागं चढू लागली.

"माय, पुढं या ना. काऊन धूळ खाता रिकामी?"

ती थोडा वेळ उभी राहिली होती. मग पुढं आली आणि चढण्याआधी दोन्ही पाय गवतावर घासून पुसले होते. सीट मळेल म्हणून. ते पाय पुसणं तानबाला आता आठवलं आणि खांबावरचा चुना त्याच्या नखांत भरला.



*

वाकलेला बंपर सरळ करायला जीप जिनिंगमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं खाली शिरून सगळं तपासलं. चाकाचा दांडा सरळ होता. ब्रेक ठीक होते. कुठं काही तुटलेलं नव्हतं.

"मंग वळली काऊन नाई?" तानबानं विचारलं.

"मी चैतातच सांगतलं होतं तुले," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "तवा तू हासला."

चैत्रात जीपचं जुनं पेट्रोलचं इंजीन थकलं होतं. दोन वाटा होत्या. तेच इंजीन आतून दुरुस्त करून पुन्हा बसवायचं, नाही तर एका मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजीन घालायचं. पुंडलिकराव म्हणाले होते, "चालवतो तू. तूच सांग." मिस्त्री म्हणाला होता, "डिझेलचं ओढंल खूप, पण वजनाले लई हाये. वळताना कळंल." तानबानं डिझेलचं निवडलं. म्हणाला होता, "जड असंल त जमिनीले धरून चालंल!"

आणि खरंच, जीप म्हशीसारखी ओढू लागली. भर पावसाळ्यात दुसऱ्या गिअरात ती चिखल कापत जायची. अर्ध्या कोसावरून तिचा आवाज ओळखून बायका म्हणायच्या, दवाखाना आला. चाक फिरवायला हाताला जोर लागू लागला होता. तानबाला ते बरंच वाटायचं. आपल्याशिवाय ही गाडी कोणाच्या बापाला आवरायची नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

कापसाच्या गाड्या मोजायचा मोठा काटा समोरच होता. काटेवाले किसनराव म्हातारे होते. काट्यावर बसायच्या आधी वीस वर्षं त्यांनी स्वतः बैलगाडी हाकलेली. ते उठून आले.

"आण इकडं. पयले निस्ती पुढची चाकं चढव."

पुढची चाकं काट्यावर, मागची जमिनीवर. किसनरावांनी वजनं सरकवली. "अठरा मण." मग जीप पुढं घेऊन मागची चाकं काट्यावर घेतली. "चौदा."

"म्हंजे?"

"म्हंजे काय! ही गाडी पयल्यांदा आली तवा मी हौसेनं चढवली होती काट्यावर. दोन्हीकडं चौदा-चौदा, सारखी भरली होती." किसनराव काट्याच्या कठड्यावर बसले. घाई त्यांना कधीच नसे. "तानबा, तू बैलगाडी भरली का कधी?"

"भरली ना."

"मागं जास्त भरलं त काय होते?"

"गाडी उलार होते. जू वर उचलते."

"अन् पुढं जास्त भरलं त?"

"बैलाच्या मानंवर येते."

"अन् तशात उतरण लागली त?"

तानबानं जीपच्या पुढच्या चाकांकडं पाहिलं.

"बैल मान वळवते, गा. पण मागून सगळा भार त्याले सरळ ढकलते. मान डावीकडं, गाडी समोर. बैल गुडघ्यावर येते. म्हनून उतरणीच्या आधी शहाना गाडीवान काय करते? दोन पोते मागं सरकवते. तुह्या गाडीले बैल नाईत, चाकं हायेत. एवढाच फरक. चाकानं मान वळवली होती, भारानं वळू नाई देल्ली. अन् मागचं हलकं, म्हनून ब्रेक मारल्यावर ते घसरलं."

जिनच्या यंत्राचा घरघराट चालू होता. तानबा बोटांवर काही मोजत होता.

"चैतापासून पाच महिने मंग काऊन नाई झालं असं? त्याच नाल्यातून गेलो मी. पावसातबी गेलो."

"मागं काही वजन राहत होतं का?"

"एक पेटी," तानबा म्हणाला. "पान्याचा पिंप. अन्..."

तो खाली जमिनीवर बसला.

"अन् देवकाबाई," तो म्हणाला.

किसनरावांनी काट्याची वजनं एकेक करून पुन्हा शून्यावर आणली.

*

तो तसाच पुंडलिकरावांच्या बैठकीत गेला. पायांचा चिखलही त्यानं धुतला नाही.

"इंजन मी निवडलं होतं. मिस्त्री नको म्हने, मी आयकलं नाई. त्यानं गाडी पुढं जड झाली, काट्यावर चढवून पाह्यली आत्ता. अन् बाईले पुढंबी मीच बसवलं. तिचा काई दोष नाई. मले काढाचं त काढा."

पुंडलिकरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. दोनदा त्यांनी मान हलवली. ते वाईट माणूस नव्हते. गावाला दवाखाना त्यांनीच दिला होता.

"काढाची गोष्ट कायले करतो?" ते म्हणाले. "खरं बोलला, बरं केलं. म्हंजे बाई मागं होती तवर गाडी बरोबर होती."

"हो, पण..."

"मंग झालं त! बसव तिले मागंच. इंजनबी राह्यलं, वजनबी बरोबर झालं. कोनाले काई बोलाचं कामच नाई." आणि ते हसले. एखादं अवघड गणित सुटावं तसं.

तानबा उभाच राहिला. खरं सांगितलं की गोष्ट सुटते, असं तो वाटेनं येताना मनाशी म्हणत होता. ते खरं आता त्या माणसाच्या हातात होतं आणि त्यानं पुन्हा तीच जागा दाखवली होती.

*

पंधरा दिवसांनी, सकाळी, नाल्यापलीकडून पुन्हा निरोप आला. मीराबाई या वेळीही पेटी घेऊन पुढं गेल्या होत्या. तानबानं जीप देवकाबाईच्या दाराशी नेली.

ती हात गळ्यात बांधून बाहेर आली. "हाताचं काम मीराबाई करंल. मी तोंडानं सांगीन. तोंड त मोडलं नाई ना माहं," ती म्हणाली आणि न विचारता जीपच्या मागं गेली.

तिथं रेतीनं भरलेली तीन पोती होती. तिच्याच जागेवर, एकाला एक लावून, दोरानं तळाशी आवळून बांधलेली.

"हे काय गा?"

"रेती हाये. साडेतीन मण. किसनरावच्या काट्यावर मोजून आनली."

"कायले?"

"इंजन जड हाये पुढं. ते मी घातलं होतं, माय. त्याच्यानं झालं ते. तुमच्यानं नाई." त्यानं चाकावरचे हात सोडले नाहीत आणि मागं वळूनही पाहिलं नाही. "मागं जागा नाई आता. तुमाले पुढंच बसा लागंल."

"पुंडलिकराव?"

"त्यायले सांगतलं मी. मागंच बसवजो म्हने. बसवली ना मंग रेती."

देवकाबाईनं डाव्या हातानं एक पोतं दाबून पाहिलं. पोटावरून लेकराचं डोकं चाचपावं तसं. पोतं हललं नाही. मग ती फिरून पुढं आली. दाराशी गवत होतं. तिनं एकदा गवताकडं पाहिलं, एकदा आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडं.

आणि तशीच वर चढून बसली.

नाल्याच्या उतरणीवर तानबानं गाडी हळू केली. बाभळीच्या खोडावर साल निघाल्याची पांढरी खूण अजून दिसत होती. त्यानं चाक डावीकडं फिरवलं. जीप डावीकडं वळली. त्यानं शेजारी पाहिलं.

देवकाबाईचा डावा हात मांडीवरच होता.