पोटाला शिवलेला हात

माझा उजवा हात माझ्याच पोटाला शिवला होता. कोटाच्या खिशात हात घालून कुणाची तरी वाट बघावी, तसा मी एकोणीस दिवस पडून होतो. विजेने तळहात जाळला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोटाची कातडी एका बाजूने उचलून हातावर शिवली. एकवीस दिवसांत ती हाताला धरली, की पोटापासून कापून हात मोकळा. धरली तर अंगठा आणि दोन बोटं वाचणार. नाहीतर मनगटापासून छाटणी. पथ्य एकच, हात ओढायचा नाही.

आईचं पथ्य वेगळं. "बेताने जेव रे. ती पोटाची कातडी आहे, उद्या हाताला ढेरी यायची."

ही सगळी कृपा मेहुण्याची. आम्ही दोघंही लाईनमन. मी खांबावर, तो खाली स्विचपाशी. लाईन सोडण्याआधी ओरडायचं असतं, "लाईन चालू, हात काढा!" ते कानावर पडलं, की आमचा हात डोक्याला न विचारता मागे येतो. त्या दिवशी तो ओरडला नाही. तोंडात चहात बुडवलेलं बिस्कीट होतं, ते पडलं असतं.

साहेबांनी शिक्षा दिली. रोज हजेरीनंतर शंभर वेळा तेच ओरडायचं. बायको सांगायची, "दादा आता घरातला दिवा लावतानाही ओरडतो. परवा आईच्या हातातलं पातेलं पडलं."

तो रोज दवाखान्यात यायचा. "दाजी, माफ केलंत ना?"

"हात सुटू दे. कानाखालीच देतो माफी."

एकोणिसाव्या दिवशी ड्रेसिंग होतं. पंखा बंद केलेला, हात पोटाशी आवळून धरणारा पट्टा सोडलेला. सिस्टर म्हणाल्या, "झालं. पट्टा बांधते, तोवर पंखा लावा हो कुणीतरी."

मेहुणा लगबगीने उठला. दवाखान्यात पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग होत होता. त्याने बटणावर बोट ठेवलं, छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा अगदी वेळेवर ओरडला, "लाईन चालू, हात काढा!"

मी काढला.

टाके तटातट तुटले. कातडी पोटाकडे राहिली, हात रिकामा परत आला. सिस्टरचेही दोन्ही हात वर होते. पंखा मात्र छान फिरत होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटावर पेनने रेघ मारली. मेहुणा कोपऱ्यात हुंदके देत होता. "दाजी, या वेळी ओरडलो होतो ना मी?"

"हो रे," मी म्हणालो. "चांगला मोठ्याने."

आईने डबा उघडला, दोन घास जास्तच वाढले. म्हणाली, "आता पोटभर जेव."