धारवाल्या मामाचा परिसर

> साइटचं नाव?
हाकेवरची माणसं.
> पहिला कारागीर?
कुलूपवाली. म्हणजे ती स्वतःच.
> परिसर, मीटरमध्ये?
२०००. दुकानापासून एवढ्या अंतरातल्या हाकेला ती जाणार.

इथवर गाडी सुसाट. किल्ल्यांच्या दुकानातला जुना संगणक, काळा पडदा. एकेक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, की गल्लीतल्या कारागिरांना कामं मिळवून देणारी साइट वीतभर वर चढायची. आता हा काय विचारेल, या नादात तिचा चहा गार झाला होता.

> दुसरा कारागीर?
धारवाला. तिचा मामा, चाक खांद्यावर घेऊन दारोदार सुऱ्यांना धार लावणारा.
> परिसर?

"पाच हजार टाक," शेजारी बसलेला मामा म्हणाला.

"बोलावलेल्या घरी तीनदा पोचला नाहीस तर साइटवरून नाव आपोआप उडतं. नियम आहे."

"कोणी केला?"

"मीच. मघाशी."

"मग मोड."

"बोलावून न येणाऱ्या नळवाल्यासाठी केलाय. तुझ्यासाठी मोडला तर तो माझं डोकं खाईल."

मामाने शेजारच्या चाकावर हात फिरवला. नाव उडालं, तर या वयात दुसरं कोण काम देणार?

"चाक घे. किती जमतं ते चालूनच बघू," ती म्हणाली.

पहिली गल्ली: मामाच्या गप्पा.
दुसरी: नुसतं हं, हं.
तिसरीच्या तोंडाशी तो बुटाची नाडी बांधायला पायरीवर टेकला. पायात चपला होत्या.

फोनवर अंतर: ३४०.

येताना चाक तिच्या खांद्यावर होतं.

> परिसर?
३४०.

"एवढ्यात काय पोट भरणार," मामा भिंतीकडे बघत पुटपुटला.

तिला वेगळीच खाज. साइटमध्ये आसपासचा नकाशा तर भरलाय. मग यात घरं मोजता येतील? आज्ञा चुकली. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा:

> घरं: ६१२

"सहाशे बारा काय?"

"स्वयंपाकघरं, मामा. त्या पायरीच्या अलीकडची."

मामाने स्टूल पुढे ओढलं. आकड्यावर बोट ठेवलं.

"यातली दहा दारंसुद्धा मी वाजवली नसतील," तो सावकाश म्हणाला. "जवळचे काय, येतील आपणहून, म्हणून सगळी हयात लांब लांब चालत गेलो."

"मग ठेवू ३४०?"

"तीनशे कर."

"का रे?"

"परत पण मलाच यायचंय. चाक घेऊन."

> जतन करू?

एंटर कुठलं, ते मामाने विचारून घेतलं आणि स्वतः दाबलं.