सातवा फर्मा

धाकटीने सुईत दोरा ओवला, मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढला, आणि टोकाला गाठ मारणार तोच बाहेरून थोरलीची हाक आली.

"अगं ए, बाहेर ये. बाई आल्यात!"

वाचनालयात बाई म्हणजे एकच. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिकाबाई. त्यांच्या कादंबऱ्यांना इथे अख्खं कपाट दिलेलं होतं. वाचनालय दोघी बहिणींनी वडिलांच्या मागे चालवलेलं. थोरली बाहेर टेबलाशी बसून पुस्तकांची देवघेव बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची फिरकी घ्यायची. धाकटी मागच्या खोलीत पुस्तकं बांधायची. प्रकाशकाकडची शिवण चार हातांत फिरली की मान टाकते, म्हणून नवं पुस्तक आलं की ती आधी ते उसवायची. सोळा-सोळा पानांच्या घड्या सुट्या व्हायच्या. बांधणीवाले त्या घडीला फर्मा म्हणतात. पानांचे आकडे बघून फर्मे एकावर एक लावायचे, जाड दोऱ्याने शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की पुस्तकाची वर्षानुवर्षं काळजी नाही.

बाईंच्या पुस्तकांची गोष्ट मात्र वेगळी होती. ती शिवायच्या आधी धाकटी वाचायची. सुटा फर्मा हातात घ्यायचा, वाचून संपला की पालथा ठेवायचा, पुढचा घ्यायचा. गोंद घट्ट होऊन जायचा, पण तिला भान नसायचं. थोरली म्हणायची, "हिची शिवण म्हणजे नुसतं निमित्त!" धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षी बाईंची पहिली कादंबरी अशीच सुटी-सुटी तिच्या हाती आली होती. घरातले सगळे 'विसरून जा' म्हणत होते. त्या पुस्तकातली मुलगी काही विसरत नव्हती, तरी उठून कामाला लागत होती. त्या पुस्तकाने धाकटीला सावरलं होतं, आणि हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि त्याच बाईंनी गेली काही वर्षं चक्क पाट्या टाकायला घेतल्या होत्या. दर पुस्तकात तीच रुसलेली नायिका, तिचं ते बॅग भरणं, तेच स्टेशन, आणि गाडी सुटायच्या आत धापा टाकत येणारा तोच माणूस. शर्टाचा रंग तेवढा बदलायचा. इतर वाचक नाक मुरडून पुस्तक परत करायचे आणि विसरायचे. धाकटीला मात्र ते लागायचं. आपल्याच माणसाने आपली वरवर विचारपूस करून निघून जावं, तसं.

ती हात पुसत बाहेर आली. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात त्यांचीच नवी कादंबरी.

"तुमच्याकडे एक भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई येतात ना?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. "काल त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, किती दिवसांनी तुमचं पुस्तक वाचून रडले."

"येतात की," थोरली म्हणाली. "आणि त्या एकट्याच नाहीत बरं. या खेपेला बाईंना परत जमलंय, असं सगळेच म्हणतायत. पुस्तक कपाटात टिकत नाही."

धाकटीला आश्चर्य वाटलं. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता, तो नव्हता.

"मी त्यांना विचारलं, रडलात कुठे? तर म्हणाल्या, शंभराव्या पानाच्या आसपास. ती बरणी फुटते तिथे." बाईंनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. "मी रात्री चष्मा लावून शंभरावं पान काढलं. मागचं काढलं, पुढचं काढलं. तिथे बरणी नाही, काही नाही. ती बॅग भरते आणि स्टेशनवर जाते. मला म्हातारीला वेड लागलंय, की डॉक्टरीणबाईंना?"

 बरणी धाकटीला पाठ होती.

वाचनालयाची प्रत नेमकी सकाळी परत आली होती. धाकटीने ती उघडली. पान शहाण्णव संपेपर्यंत सगळं ठीक. सत्त्याण्णवपासून स्वयंपाकघर होतं, फरशीवर फुटलेली काचेची बरणी होती, आणि दोन अनवाणी माणसं भांडत होती. भांडताना दोघंही एकमेकांना 'हलू नकोस, पायात जाईल' म्हणत होती आणि गुडघ्यांवर बसून काचा वेचत होती. सोळा पानं भांडण. एकदाही कुणाचं नाव नाही, नुसते तो आणि ती. एकशे बारा पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट तुटलं होतं आणि पुढच्या पानावर भलतंच सुरू होत होतं.

ती मागे गेली आणि बाईंच्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती घेऊन आली. प्रकाशकाने दोन्ही पुस्तकं एकाच गठ्ठ्यात पाठवली होती. आकार तोच, कागद तोच, अक्षरही तेच. एकाच दुपारी, एकाच टेबलावर तिने दोन्ही उसवली होती. जुनीच्या सत्त्याण्णवाव्या पानावर आता एक बाई बॅग भरत होती.

थोरलीच्या सगळं लक्षात आलं. बाईंच्या पाठीमागून तिने डोळे मोठे केले आणि हाताने छापखान्याच्या दिशेने खूण केली. ढकल त्यांच्यावर, उगाच स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. ढकलता आलंही असतं. बाईंना कुठे कळणार होतं?

"माझी चूक आहे, बाई," धाकटी म्हणाली. "सातवा फर्मा बदलला गेला. याचा त्यात, त्याचा यात."

बाईंनी दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवली आणि जुनं पान वाचायला लागल्या. सोळाही पानं संपल्यावरच त्यांनी मान वर केली. 

"म्हणजे लोक रडले ते माझ्या जुन्या पानांवर," शेवटी बाई म्हणाल्या. "आणि नवं पुस्तक मधूनच कापून त्यात दुसरंच घातलं, तरी कुणाचं अडलं नाही."

"वाक्य तुटलंय, असं एकदोघं म्हणाले होते," थोरली घाईने म्हणाली. "आम्हाला वाटलं, छपाईची चूक."

बाई धाकटीकडे बघत होत्या.

"पण तू तर शिवायच्या आधी वाचतेस. तुझी ताईच सांगते सगळ्यांना. तुझ्या नजरेतून कसं सुटलं?"

हा प्रश्न येणार हे धाकटीला माहीत होतं. तिने मेणाने चिकट झालेली बोटं ओढणीला पुसली.

"या खेपेला मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "नुसतं शिवलं."

"का?"

"मला माहीत होतं, ती स्टेशनवर जाणार, आणि गाडी सुटायच्या आत तो येणार. तो येतोच, बाई. दर वेळी येतो." आता थांबणं शक्य नव्हतं. "तुमचं ते पहिलं पुस्तक नसतं ना, तर त्या वर्षी माझं काय झालं असतं मला माहीत नाही. म्हणून राग येतो. दुसऱ्या कुणी असलं लिहिलं असतं, तर मला काय करायचं होतं?"

थोरलीने कपाळाला हात लावला.

बाईंनी चष्मा काढला. पदराच्या टोकाने उगाचच पुसत राहिल्या.

"प्रकाशक म्हणतात, लोकांना हेच हवंय," त्या म्हणाल्या. "मलाही ते सोयीचं पडलं. तो एकदा धावत आला की मला पुढचं काही सुचावं लागत नाही." मग एकदम हसल्या. "त्या बिचाऱ्याचीही दमछाक झाली असेल गं आता."

हसू आधी थोरलीला फुटलं. मग धाकटीलाही आवरेना, आणि डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

धाकटी पुस्तकं उचलायला लागली. "उद्यापर्यंत दोन्ही सरळ करून ठेवते."

"कर. पण माझी जुनी आधी कर. मला ती घरी न्यायचीय, वाचायला." बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुमच्या इथे सभासद व्हायला काय करावं लागतं?"

"तुम्हाला काही नाही," थोरली म्हणाली. "पण पुस्तक वेळेवर परत नाही केलंत, तर दंड मात्र घेणार."

पुस्तक वेळेवर परत आलं नाही. थोरली रोज दंडाची आठवण काढायची.  धाकटीला झोप लागत नव्हती. आपण म्हाताऱ्या बाईंचं मन मोडलं, आता त्यांनी लिहिणंच सोडलं तर? बाईंच्या घराच्या गल्लीतून जाताना ती मान वर करून खिडकीकडे बघायची. खिडकी बंदच असायची.

हिवाळा सरत आला तेव्हा एका दुपारी बाई आल्या. सरळ मागच्या खोलीत गेल्या. थकलेल्या दिसत होत्या. जुनी कादंबरी त्यांनी टेबलावर ठेवली, आणि तिच्या शेजारी हाताने लिहिलेल्या सुट्या कागदांचा गठ्ठा.

"हे अजून कुणी पाहिलं नाही. प्रकाशकानेही नाही," त्या म्हणाल्या. "शिवू नकोस. आधी वाच. कंटाळा आला की त्या पानात दोरा घाल आणि बाकीचं बाजूला ठेव. माझी भीड धरू नकोस. मी बाहेर बसते."

"आत्ता?"

"मग कधी? माझं वय बघ."

धाकटीने दोऱ्याचा तुकडा कापून हाताशी ठेवला आणि पहिलं पान उचललं. बाहेर थोरली बाईंना दंडाचा हिशेब समजावत होती. बाई घासाघीस करत होत्या. मग तो आवाज मागे पडला.

पानं एकेक करून पालथी होत गेली. मध्यावर पोचली तेव्हा नायिकेने कपाटावरून बॅग खाली काढली.  नायिका कपडे भरते. रिक्षा करते. स्टेशन येतं. फलाटावर गर्दी आहे आणि तिला खिडकीपाशी जागा मिळते. धाकटीने दोरा उचलला. नको ना बाई, ती मनात म्हणाली. पान उलटलं. गाडीची शिटी झाली. नायिकेने एकदा फलाटाकडे पाहिलं.

आणि गाडी सुटली. ती गाडीतच होती.

धाकटीने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"अगं, गोंद वाळतोय बघ तुझा!" बाहेरून थोरली ओरडली.

 टेबलाशी बसलेल्या बाईंनी मान किंचित कलती करून कानोसा घेतला. आत पान उलटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक.